बसवरची छत्री

न्हाई आलं! आरं न्हाई आलं म्हणते ना — अजून जराशी फिरीव. डावीकडं. तुझ्या डावीकडं रं, माझ्या न्हवं. हां... हां... न्हाई. निस्ता निळा पडदा. सुदर्शन, आरं सबंध वरवंडात तुझ्यासारखा टीव्हीच्या छत्र्या बसवणारा न्हाई म्हणत्यात, आन् ह्या ताईबाईच्या बसवर येऊन अडलास व्हय? दम खा जरा. पाय जपून ठेव, पत्रा जुना हाय आन् तुझं पोट नवं हाय — बायकोनं चांगलं पोसलंय. बस तिथंच कडेला. चा देते शिडीवरनं, धर. साखर कमी वाटली तर सांगू नगंस, शुगरवाल्याच्या घरचा चा हाय त्यो.

बघितलास न्हवं आमच्या मालकांचा महाल? तीस वर्षं रांजणगावच्या कंपनीची बस चालवली जयसिंगरावांनी. पहिली पाळी नेऊन सोडायची, दुसरी घेऊन यायची, गाडीला कवा एक ओरखडा न्हाई — ह्ये त्यो सवता सांगतो, जेवताना, रोज. आन् रिटायर झाला त्याच साली कंपनीनं ही बसबी भंगारात काढली, तर ह्यो बाबा तिलाच घरी घेऊन आला! लोकं रिटायर झाल्यावर म्हैस आणत्यात. ह्यानं बस आणली. सीटा उपटल्या, झोपायला दोन बाकडी टाकली, हितं शेगडी, वर पाण्याची टाकी, आन् खिडक्यांना पडदे माझ्या लुगड्यांचे — मला न विचारता फाडली हो, एक तर चांगलं होतं! आमची नात स्वप्नाली म्हणते, आजी, ह्याला कॅराव्हॅन म्हणत्यात. मी म्हणलं, बाई, आपल्यात ह्याला बिऱ्हाड म्हणत्यात.

हसू नगंस, पडशील. आरं, माझा जन्मच वाटंवर झालाय. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा, कोकण गाठायचं. घोड्यावर सगळा संसार, संसारावर कोंबड्या, आन् कोंबड्यांच्या मागं मी — चालत. आज ह्याच्या शेतात मेंढरं बसवायची, उद्या त्याच्या. मेंढरं कोंडायला रोज वाघरीची जाळी लावायची, रोज काढायची. तवा मी ठरवलं होतं — लगीन करीन तर नोकरीवाल्याशी, आन् दाराला कडी आसंल त्याच घरात जाईन. मिळालंबी तसंच. हा मावशीकडं राहून शिकलेला, धनगराचा असून मेंढरामागं एक दिवस चालला न्हाई. कोकण बघितलं न्हाई, समुद्र बघितला न्हाई. आन् आता ह्या वयात मला म्हणतो — तू चालत गेलीस ना त्या वाटंनं, आता तुला बसवून नेतो. उद्या पहाटं निघायचं! बघ, म्हणजे मी चाळीस वर्षं ज्या घराला कडी लावून बसले, त्या घरालाच ह्यानं चाकं लावली.

मग मीबी अट घातली. येते म्हणलं, पर संध्याकाळी सातची माझी मालिका चुकली न्हाई पायजे. आन् मोबाईलवर न्हाई — घाटात रेंज न्हाई, आन् त्यात त्या नायिकेचं तोंड शेंगदाण्याएवढं दिसतं. टीव्हीच पायजे. म्हणलं, अडंल म्हातारा. तर त्यो तुझ्याकडनं ही फुकटातली छत्री घेऊन आला! रिचार्ज न्हाई, काय न्हाई, म्हणला — निस्तं मुक्कामाला गाडी लावायची, छत्रीचं तोंड आग्नेयेला करायचं, की सातला तुझी मालिका हजर. रोज? म्हणलं, रोज ह्या वयात तुमी टपावर चढणार? तर म्हणतो, तुझ्या बापानं रोज वाघर लावली न्हवं का!

आरं उठलास कशाला? बस. पुन्हा फिरवू नगं ती. ...फिरवू नगं म्हणते ना. हात लावू नगं. खरं सांगू? रागवायचं न्हाई. चित्र मगाशीच आलंय. तू पहिल्यांदा फिरवलीस तवाच. आरशासारखं लख्ख दिसतंय, कुणीतरी वांग्याचं भरीत करून दाखवतंय. आवाज मीच बंद केलाय. — आता मारशील का काय मला? तासभर तुला उन्हात गरागरा फिरवलं, पाप लागंल मला. चा घे अजून.

न्हाई, जायचा कंटाळा न्हाई रं. तसं वरवर म्हणायचं. माझं गाठोडं कवाच बांधून झालंय, त्या बाकड्याखाली हाय. मलाबी जायचंय. लई जायचंय. पर... काल ना, ही छत्री त्यानंच बसवली. टपावरनं वरडला — आलं का? मी म्हणलं न्हाई. तर अजून जरा फिरवली, आन् खाली उतरून ह्या पडद्याम्होरं उभा राहिला, दोन हातांवर, आन् म्हणला — झ्याक दिसतंय की! आवाजाचं बघू मग. आन् पडदा निळा होता, सुदर्शन. निस्ता निळा. मी म्हणलं, व्हय, दिसतंय, पर जरा हलतंय, सुदर्शनला बोलवा.

तशी मला शंका होतीच. पेपर वाचायचा सोडला — म्हणतो, त्यात काय नसतं. सवताची मोटारसायकल दारात, आन् आज तुला बोलवायला गेला शेजारच्या बन्सीच्या गाडीवर मागं बसून. गेल्या आठवड्यात बस मागं घेताना गाईची गव्हाण फोडली, आन् म्हणतो गायच मदी आली. गाय रानात होती! मग मी त्याच्या पिशवीतला दौंडच्या डॉक्टरचा कागद काढला, स्वप्नालीकडनं वाचून घेतला. शुगर डोळ्यात उतरलीय. गाडी चालवायची न्हाई आसं ठसठशीत लिवलंय. कागदाला दोन म्हैने झालं. मला चकार शब्द न्हाई.

मी कसं सांगू? तीस वर्षं ज्याच्या हातावर साठ-साठ माणसं बिनघोर झोपून जायची, त्याला बायकोनं म्हणायचं, तुमाला दिसत न्हाई? दुसरा ड्रायव्हर घ्या म्हणावं, तर आपल्या बसचं ष्टेरिंग दुसऱ्याच्या हातात बघून त्यो जीव देईल. म्हणून तुला म्हणते — तुझ्या पाया पडते, लहान असलास तरी. त्यो आता यील. त्याला सांग, ह्या गाडीवर छत्री बसत न्हाई. पत्रा जुना हाय सांग, काय वाटंल ते सांग. टीव्ही न्हाई, म्हंजी मी न्हाई. मी न्हाई, म्हंजी त्यो न्हाई. माझ्या नावावर जाऊ दे सगळं. म्हातारीच्या मालिकेपायी राहिलं म्हणून गावात हसत्याल, हसू देत.

मान का हलवतोस? तुझं नाव खराब व्हईल म्हणून? ...मग? आसं का बघतोस?

काय म्हणतोस?

कवा? आज सकाळी? दुकानात?

त्यानंच? त्यानं सांगितलं तुला — माझ्या म्हातारीला सांग, छत्री बसत न्हाई म्हणून?

आन् म्हणून तू तासभर वर... आरं भाड्या! मी खाली न्हाई न्हाई म्हणतीय, आन् तू वर हुश्श हुश्श करतोस! लई हुशार. दोघंबी लई हुशार. ...अजून काय म्हणला त्यो? खरं सांग. — तिला कसं तोंड दाखवू, म्हणला? आसं म्हणला? आरं देवा.

न्हाई. रडत न्हाई मी. टपावरनं तुझ्या चपलीची माती पडतीय डोळ्यात.

ऐक आता. तू काय बोलायचं न्हाई. त्याला बी न्हाई, कुणाला बी न्हाई. तू म्हणलास बसत न्हाई, की त्यो सुटला आन् मीबी सुटले — आन् मग मरेपर्यंत दोघं एकमेकांना निळा पडदा दाखवत बसायचं. नगं. छत्री हाय तशीच ठेव. चारी नट आवळ, चांगले ताकदीनं आवळ, वाऱ्यावादळात हलली न्हाई पायजे. ही बस आता हितनं हलत न्हाई.

झालं? उतर मग. ती बन्सीची गाडी आली वाटतं वळणावर. मागल्या वाटंनं जा, त्याच्याशी बोलत थांबू नगंस.

जा म्हणते ना. त्याला मी सांगते.