पाच सेकंद गप्प बसण्याची पदवी

...आणि भाषण! मला भाषण शिकवणार! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं झाली मला गुरांचा लिलाव पुकारताना, अख्ख्या जिल्ह्यात असा गोठा नाही जिथलं जनावर माझ्या तोंडून विकलं गेलं नाही, मिनिटाला अडीचशे शब्द, तेही मधे श्वास न घेता... आणि ती विद्यापीठातली टॅलबटबाई, पदवीला काय काय लागतं ते बघणारी, मला म्हणते, "मिस्टर कुचेरा, 'सार्वजनिक भाषणाची ओळख' हा विषय तुम्हाला घ्यावा लागेल." ओळख! अहो, ओळख कसली करून देता, आमचा संसार होऊन नातवंडं खेळतायत! तर चष्मा वर सरकवून म्हणते कशी, "असेल हो. पण यादीत आहे."

यादीत आहे! दोन वर्षं हे दोन शब्द ऐकतोय मी.

आता तुम्ही विचाराल, मर्ल, बावन्नाव्या वर्षी तुला ही दुर्बुद्धी सुचली कशी? सुचली नाही हो. कान खाजवला. एवढंच केलं. आमच्या ऑर्लिकच्या शाळेत व्हर्नाबाई इंग्रजी शिकवायच्या, मला त्यांनीच शिकवलं, माझ्या पोरींनाही त्यांनीच, वय चौऱ्याहत्तर, एकदा निवृत्त झाल्या तर दुसरं कुणी मिळेना म्हणून परत आणल्या, पुन्हा निवृत्त झाल्या, पुन्हा आणल्या... शेवटी बास्केटबॉलच्या हॉलमध्ये सभा भरली, सगळं गाव हजर, कारण सभेनंतर कोलाचे होते, म्हणजे आमचे जर्दाळू भरलेले गोड पाव. शाळेच्या मुख्याधिकारी गेलबाई उभ्या राहिल्या. "व्हर्नाबाई अजून दोन वर्षं थांबतायत. दोन वर्षांत इंग्रजीचा परवाना असलेला शिक्षक मिळाला नाही, तर आपली नववी ते बारावी बंद. पोरं रोज बसनं हार्मनला." हार्मनला! चाळीस मैल जायचं, चाळीस यायचं, जानेवारीत, नेब्रास्काच्या वाऱ्यात... आणि वर हार्मनच्या फुटबॉल संघाचे शर्ट घालायचे! अहो, शाळा गेली की गावात उरतं काय? धान्याचं कोठार आणि म्हातारे. गेलबाई म्हणाल्या, "आपल्यातलं कुणी पदवी पुरी करून शिक्षक व्हायला तयार आहे का?"

आणि नेमका त्या क्षणी माझा कान खाजला.

लिलावात कुणी ओरडून बोली लावत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कुणी टोपीला बोट लावतो, कुणी भुवई उडवतो, कुणी कान खाजवतो. आमचा अर्नी बाउअर एकदा रिंगणाशी बसून गांधीलमाशी हाकलत होता, तर मी त्याच्या गळ्यात अकरा शेळ्या मारल्या. बिचारा हातापाया पडला, आणि मी काय म्हणालो होतो? "हललास म्हणजे बोली लागली, अर्नी." तर हाच अर्नी त्या सभेत ताडकन उभा राहिला, सहा वर्षं वाट बघत होता हो तो! "बोली लागली! मर्लनं कान खाजवला! एकवार... दोनवार... तीनवार!" आणि पहिल्या रांगेतून व्हर्नाबाई थंडपणे म्हणाल्या, "विकला."

ज्या धंद्यावर तीस वर्षं जेवलो, त्याचीच रीत नाकारू?

आणि खोटं कशाला सांगू, मनातून जरा बरंही वाटलं. विसाव्या वर्षी मी याच विद्यापीठात इंग्रजीच शिकत होतो. दोन वर्षं झाली आणि वडील गेले, लिलावाचं रिंगण गळ्यात आलं, राहिलं ते राहिलंच. पुस्तकं तेवढी सुटली नाहीत, आजही ट्रकच्या सीटखाली तीन-चार असतात. म्हटलं, अर्धी पदवी झालीच आहे, उरलेली काय, अशी जाईल!

अशी जाईल? टॅलबटबाईंनी यादी काढली. चार पानं! पाठपोट! पहिली गोष्ट म्हणजे माझं तीस वर्षांपूर्वीचं बीजगणित शिळं झालं म्हणे. शिळं? "अहो बाई, क्ष तेव्हा जेवढा होता त्याहून आता वाढलाय का?" "मिस्टर कुचेरा, यादीत आहे." मग प्रयोगशाळेसह एक विज्ञान. म्हटलं, मी मध्यरात्री... नाही, भरदुपारी, भर रिंगणात, पाचशे माणसांसमोर गाईचं बाळंतपण केलंय, ते धरा. "ती प्रयोगशाळा नव्हे." मग 'आजीवन आरोग्य' नावाचा एक विषय, त्यात मनगटाला पट्टा बांधून रोज दहा हजार पावलं. मी वीस मैल तारेचं कुंपण चालणारा माणूस, पट्टा पहिल्याच आठवड्यात एका वासरानं चघळला, तर त्याबद्दल लेखी खुलासा! भाषेचा इतिहास, व्याकरण, किशोरांचं साहित्य, किशोरांचं मन, किशोरांचं साहित्य वाचतानाचं किशोरांचं मन... शेतकऱ्याच्या पोराचं मन कळायला पुस्तक लागतं? पण लागतं. का? यादीत आहे!

आणि ते भाषण. शिकवायला कोण, तर इयन. वय चोवीस, स्वतः अजून शिकतोय, आवाज असा की पहिल्या रांगेला ऐकू यायचं नाही. माझं पहिलं भाषण झालं. विषय होता 'मला आवडणारी जागा'. पाच ते सात मिनिटं बोलायचं, मी एक मिनिट चाळीस सेकंदांत संपवलं, सगळं सांगून! इयननं घाबरत घाबरत शेरा वाचला, "मजकूर... अं... उत्तम असावा, कुणाला कळला नाही. आणि सर, दोन मुलींनी नुसती मान डोलावली तर तुम्ही त्यांच्याकडे बोट दाखवून 'अजून चढवा, अजून चढवा' असं का म्हणालात?" सवय हो! मान हलली की माझं बोट जातं! मला 'क' श्रेणी मिळाली. भाषणात! घरी आलो, जोलीनला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं, तर ती इतकी हसली, इतकी हसली की तिला भांडी धुणं सोडून खाली बसावं लागलं.

पण खरी मेख पुढेच होती. शेवटचे सोळा आठवडे प्रत्यक्ष शाळेत शिकवायचं, बिनपगारी, व्हर्नाबाईंच्या हाताखाली, आणि टॅलबटबाई तीन वेळा मागच्या बाकावर बसून बघणार. हातात बावीस चौकटींचा कागद. त्यातली चौदावी चौकट, नीट ऐका... 'प्रश्न विचारल्यावर किमान पाच सेकंद गप्प थांबणे.'

गप्प! पाच सेकंद! अहो, लिलावात पाच सेकंद गप्प बसलेला पुकारणारा म्हणजे मेलेला पुकारणारा! तीन सेकंद शांतता झाली की माझा हात आपोआप हातोड्याकडे जातो, ते काय माझ्या हातात आहे?

पहिली पाहणी. अकरावीचा वर्ग, एका बाईची गोष्ट चालली होती. तिचा नवरा दूर कामाला गेलेला, त्याचं एकच पत्र येतं, आणि ती ते चुलीत टाकते. मी विचारलं, "का जाळलं तिनं पत्र?" शांतता. एक सेकंद... दोन... आणि तोंडातून गेलंच हो, "एकवार... दोनवार... हां, मागच्या रांगेत निळा शर्ट!" निळ्या शर्टानं फक्त नाक पुसलं होतं. तो बावचळला, मीच घाईघाईनं उत्तर दिलं, "रागानं जाळलं!" आणि टेबलावर डस्टर आपटला. धाड! वर्ग टाळ्या वाजवतोय, पोरं खूश, आणि टॅलबटबाई कागदावर लिहितायत... शून्य. दुसऱ्या पाहणीला जरा बरं, दोन सेकंद थांबलो. पुन्हा शून्य. "मिस्टर कुचेरा, एकवीस चौकटी सुरेख आहेत. पण तिसऱ्या वेळी ही चौकट भरली नाही, तर सोळा आठवडे पुन्हा करावे लागतील. सप्टेंबरपासून."

सप्टेंबर! गावाची मुदत ऑगस्टपर्यंत! म्हटलं, "बाई, एका चौकटीपायी आमची शाळा जाईल हो!" त्यांनाही वाईट वाटलं, दिसलं मला. पण काय म्हणाल्या असतील? बरोबर. तेच म्हणाल्या.

मग सराव. कुणावर करणार? जोलीनवर. जेवायला बसलो आणि विचारलं, "आज दिवस कसा गेला तुझा?" आणि गप्प. एक, दोन, तीन, चार... मी असा दात आवळून, डोळे वटारून, घाम फुटलेला... तर ती किंचाळलीच! "मर्ल! मर्ल, तोंड वाकडं झालंय का? हात उचल बघू! दोन्ही उचल!" आणि मी उत्तर देईपर्यंत रुग्णवाहिका बोलावली पण! आमच्या गावात रुग्णवाहिका चालवतो कोण? अर्नी बाउअर. आला, मला बघितलं, सगळं ऐकलं, आणि म्हणाला, "याच्यावर औषध नाही, जोलीन. हा जन्माचाच आहे." आणि दोन कोलाचे खाऊन गेला.

तो गेल्यावर जोलीन म्हणाली, "सत्तावीस वर्षांत तू पहिल्यांदा काहीतरी विचारलंस आणि उत्तराला थांबलास." आणि मग बोलायला लागली. पाऊण तास! तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मला कळलं की माझ्या बायकोला रताळी आवडत नाहीत. सत्तावीस वर्षं दर रविवारी मी तिच्या पानात रताळी वाढतोय, वर विचारतोय, "झकास ना? झकासच!" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

व्हर्नाबाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे, तू थांबत नाहीस ना, तेव्हा त्या पोरांना तू सांगतोस की तुमच्याकडे काही नाही. ती डार्सी बघितलीस? हीटरजवळ बसते ती. दोन वर्षांत हजेरीखेरीज एक शब्द नाही बोललेली. तिला काही येत नाही असं वाटतं तुला?"

मला तसंच वाटत होतं हो.

तिसरी पाहणी. टॅलबटबाई मागच्या बाकावर, व्हर्नाबाई दाराशी. मुद्दाम तीच गोष्ट पुन्हा घेतली. म्हटलं, "मागच्या वेळी उत्तर मीच दिलं होतं, ते विसरा. का जाळलं तिनं ते पत्र?" आणि दोन्ही हात खिशात घातले. एक. दोन. पोरं निवांत, त्यांना माहीत की तिसऱ्या सेकंदाला म्हातारा स्वतःच बोलतो. तीन. निळा शर्ट माझ्याकडे बघतोय, हलेना बिचारा, गेल्या वेळचा धसका. चार. पाठीवरून घाम. पाच! टॅलबटबाईंच्या पेन्सिलीचा आवाज ऐकला मी, टिक! झालं! पदवी झाली! आता बोलायला हरकत नव्हती, तोंड उघडलंही होतं... आणि कसं कुणास ठाऊक, मिटलं. नाही बोलवलं. दहा सेकंद. पंधरा. कुठेतरी हीटर खडखडला. आणि हीटरजवळून एक बारीक आवाज आला.

"तिचं ते पाठ झालं होतं, सर. म्हणून."

अहो... ही गोष्ट मी विसाव्या वर्षापासून वाचतोय. तीस वर्षं मला वाटत होतं, बाईला राग आला. आणि ही सोळा वर्षांची पोर, जिला काही येत नाही असं मी धरून चाललो होतो... मी गप्प झालो. चौकटीसाठी नाही, खरोखरीचा गप्प. डोळ्यांत पाणी आलं, तर फळा पुसायला वळलो. फळा कोराच होता.

जुलैत परवाना आला. शाळा राहिली, नववी ते बारावी, सगळी. व्हर्नाबाईंनी चावी माझ्या हातात दिली आणि मासे धरायला निघून गेल्या, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. आता शनिवारी लिलाव, बाकी दिवस शाळा. बरं चाललंय. डार्सी बारावीत आहे, बोलते आता, कधीकधी "डार्सी, दुसऱ्यांनाही बोलू दे" म्हणावं लागतं.

तर परवा वर्ग सुटल्यावर ती माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "सर, मला इंग्रजीची शिक्षिका व्हायचंय. शिकून परत इथेच यायचंय. काय काय करावं लागतं हो त्याला?"

बघा आता. मी चौपन्न वर्षांचा. अजून दहा वर्षं, फार तर बारा, मग या शाळेला कोण? आणि समोर ती उभी, डोळे असे लुकलुकतायत... चार पानं आठवली हो मला, पाठपोट. पट्टा आठवला, बीजगणित आठवलं, इयन आठवला. खरं सांगावं? सगळं सांगावं? पोर हार्मनच्या बँकेत नोकरी धरेल हो उद्याच्या उद्या!

म्हटलं, "काही नाही गं. थोडं वाचायचं, थोडं बोलायचं आणि थोडं गप्प बसायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

चेहरा असा उजळला तिचा! आनंदानं जोरजोरात मान डोलावली... आणि काय करू, लिलाववाला आहे शेवटी मी, डोलावलेली मान मी कधी सोडलीय?