हलका केलेला चाप

गार्लंड : आई, हसण्यावारी नेऊ नकोस. तो कॉफीचा मग उचल, टेबल मोकळं कर, आणि रिव्हॉल्व्हर दे इकडे.

ऑर्लीन : शनिवारी सकाळी वीस मैल गाडी हाणत आलास, ते यासाठी? अरे, छान चालतंय ते. आधी चाप ओढताना बोटांच्या सांध्यांतून कळा यायच्या. आता नुसतं बोट टेकवलं की मागे येतो.

गार्लंड : तिथेच तर चुकलं माझं. मार्चमध्ये याच टेबलावर बसून आतल्या स्प्रिंगा बदलल्या ना, त्या फार नरम निघाल्या. माझ्या रिव्हॉल्व्हरलाही त्याच बसवल्यात. काल ओढ्याकाठी रिकामे डबे मांडून बघितलं, पाचातली दोन काडतुसं उडालीच नाहीत. घोडा पडतो, पण जोरच नाही त्याच्यात.

ऑर्लीन : सर्दावली असतील तुझी काडतुसं.

गार्लंड : नवीकोरी होती. आई, ओझार्कच्या या डोंगरात तू एकटी राहतेस. उद्या खरंच कोणी दारात आलं आणि हे वाजलंच नाही तर? रात्रभर माझा डोळा लागला नाही. जुन्या स्प्रिंगा घेऊन आलोय, बसवून देतो.

ऑर्लीन : नंतर बघू. मक्याचा पाव गरम आहे, आधी दोन घास खा.

गार्लंड : पिठाच्या डब्यामागेच असतं ना? हं, सापडलं. पहिल्यांदा काडतुसं काढू दे. एक, दोन... थांब.

ऑर्लीन : आता काय?

गार्लंड : याच्या बुडाला खळी पडलीय. बाकीची चार गुळगुळीत आहेत. घोडा पडलाय यावर, आई.

ऑर्लीन : कोल्हा आला होता कोंबड्यांवर.

गार्लंड : कोल्ह्याला तू बाबांची दुनळी बंदूक काढतेस. लहानपणापासून बघतोय मी.

(ऑर्लीन खुर्ची ओढून समोर बसते.)

ऑर्लीन : डेल्मर आला होता.

गार्लंड : आपल्या ट्वायलाचा डेल्मर?

ऑर्लीन : ट्वायलाचं नाव त्याला जोडू नकोस. नवरा होता तिचा, पण पिऊन गाडी चालवली आणि शेजारी बसलेली माझी पोर संपवली. याला मात्र कपाळावर नुसतं खरचटलं. नऊ वर्षं तुरुंगात बसला म्हणजे झालं?

गार्लंड : कधी आला?

ऑर्लीन : मंगळवारी, दहाच्या सुमाराला. लख्ख ऊन होतं. टोपी काढून हातात धरलेली. जाळीच्या दारापलीकडून म्हणतो, “आई, मी बोलायला आलोय.” आई म्हणाला मला! माझा हात पिठाच्या डब्यामागे गेला.

गार्लंड : तो कोण आहे ते ओळखून?

ऑर्लीन : ओळखून. चष्मा होता डोळ्यांवर.

गार्लंड : आई... तो मार्चमध्ये सुटला. आणि मार्चमध्येच तू मला म्हणालीस, चाप हलका करून दे.

ऑर्लीन : बोटं दुखत होती. तेही खरंच आहे.

गार्लंड : तेही?

ऑर्लीन : नको विचारूस. माझं मलाच धड सांगता येत नाही.

गार्लंड : मीच पाठवलं होतं त्याला.

ऑर्लीन : काय?

गार्लंड : लाकडाच्या गिरणीत माझ्याच पाळीला लागलाय तो. दोन महिने शेजारी बसून डबा खातोय, मान म्हणून वर करत नाही. मी म्हटलं, एकदा आईच्या समोर जा. शिव्या घालेल, पण ऐकून घेईल. आणि मीच या हातांनी... स्प्रिंगा चांगल्या लागल्या असत्या तर, आई—

ऑर्लीन : नाही लागल्या. पुढचं मनात आणू नकोस.

गार्लंड : पण पुन्हा का नाही ओढलास? चाप पुन्हा ओढला की पुढचं काडतूस समोर येतं, हे तूच शिकवलंस मला.

ऑर्लीन : माहीत होतं. बोट तिथेच होतं माझं.

गार्लंड : मग?

ऑर्लीन : खट्ट झालेलं त्यानेही ऐकलं. वाटलं, पळेल. पण तो जागचा हलला नाही. शाळेत पोरं सुई टोचून घ्यायला उभी राहतात ना, तसे डोळे घट्ट मिटून उभा राहिला. आता गोळी येईल म्हणून वाट बघत होता रे तो. मी रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं. मी दार लावून घेतलं. बराच वेळ पायरीवर बसला असावा, मग गाडी गेल्याचं ऐकलं.

गार्लंड : मंगळवारी ना?

ऑर्लीन : हो. का रे?

गार्लंड : बुधवारपासून गिरणीत आलेला नाही. मुकादम म्हणाला, पुन्हा प्यायला लागला असेल. मलाही तसंच वाटलं.

ऑर्लीन : चार दिवस! मरायला उभा राहिलेला माणूस घरी एकटा आहे, आणि तू इथे बसलायस? फोन लाव त्याला.

गार्लंड : लावतोय. वाजतोय... उचलत नाही.

ऑर्लीन : वाजू दे. बंद करू नकोस.

गार्लंड : उचलला! डेल्मर? गार्लंड बोलतोय. अरे, ऐकतोयस ना?... काही बोलत नाही, आई. नुसता श्वास ऐकू येतोय.

ऑर्लीन : माझ्या कानाशी धर. डेल्मर, मी ऑर्लीन. मंगळवारी तुझं बोलणं राहून गेलं. बोल आता, मी ऐकतेय.