लागेल तशी

जबाब, दि. १४ जानेवारी २०२५

नाव: अमृता दगडू गमरे, वय २७ वर्षे. व्यवसाय: नोकरी, डोंबिवली एमआयडीसीतील औषध कंपनीत गुणवत्ता तपासणी विभाग. राहणार: मोहने, ता. कल्याण, जि. ठाणे.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, माझा मोठा भाऊ रत्नदीप, वय ३३ वर्षे, हा रविवारपासून घरी आलेला नाही. घडले ते क्रमाने असे:

१. मागील वर्षी जूनमध्ये तो काम करत असलेल्या केमिकल युनिटमध्ये भरलेला ड्रम हलवताना त्याची कंबर दुखावली. मणक्याचे ऑपरेशन झाले.
२. घरी सोडताना डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी पाच दिवसांसाठी लिहून दिली.
३. पाच दिवसांनंतरही तो ती घेत राहिला. डोस वाढत गेला.
४. रविवारी सकाळी आईने घरातील सर्व गोळ्या मोरीत टाकून पाणी ओतले.
५. त्यानंतर रत्नदीप घराबाहेर पडला.
६. त्याचा फोन घरी चार्जिंगला राहिला. तो आता माझ्या पर्समध्ये आहे व चालू आहे.

वडील हयात नाहीत. घरी आई कांता, रत्नदीप, त्याची पत्नी वैशाली व मी असे चौघे राहतो. घरात यापूर्वी मारहाण किंवा पोलीस तक्रार झालेली नाही.

गोळीची सुरुवात कशी झाली, हे आपण विचारले म्हणून सांगते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीपुढे ‘एस.ओ.एस.’ असे लिहिले होते. त्याचा अर्थ, दुखणे सहन होत नसेल तेव्हाच. आमच्या रस्त्यावरील मेडिकलचे राकेश यांनी आईला ते मराठीत समजावून दिले. ते म्हणाले, “मावशी, लागेल तशी द्या.” मी तेथे उभी होते. हे वाक्य चुकीचे नाही. आमच्याकडे चहाही लागतो आणि आधारही लागतो. रत्नदीपला ती आधी कंबरेसाठी लागली. मग कंपनीच्या बसमध्ये बसून राहण्यासाठी, मग झोपेसाठी, मग सकाळी अंथरुणातून उठण्यासाठी. सांगितलेले कोणी मोडले असे मला दाखवता येत नाही.

त्याला दिवाळीआधी कामावर परत बोलावले. सुपरवायझर संदेश यांचा फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता. “अरे, गोळी मारून ये. बसून करायचं काम देतो तुला.” त्यांनी बसून करायचे काम दिले, हेही खरे आहे.

आमच्या कंपनीत ही गोळी तयार होत नाही. मी कधीही ती घरी आणलेली नाही. माझ्या कंपनीत चौकशी करण्यास माझी हरकत नाही.

कारण कोण, याबद्दल प्रत्येकाचे म्हणणे वेगळे आहे. डॉक्टर म्हणाले, मी पाच दिवसांचेच लिहिले होते. राकेश यांना मी काल भेटले. ते म्हणाले, “ताई, पहिल्यांदा चिठ्ठी होती ना. नंतर माणूस ओळखीचा. कंबर धरून पायरीवर बसतो, त्याला हाकलू काय?” गेल्या आठवड्यापासून औषध दुकानांची सरकारी तपासणी चालू असल्याने त्यांनी देणे बंद केले, असेही ते म्हणाले. म्हणजे मोरीत गेल्या त्या शेवटच्या होत्या. वैशाली वहिनींचे म्हणणे असे की कारण शोधणारे सगळे शहाणे, गोळीसोबतचा पाण्याचा ग्लास मात्र रोज वहिनींच्याच हातात होता. मी रसायनशास्त्र शिकले आहे, डॉक्टर नाही. मला एवढेच सांगता येते की काही आठवड्यांनी शरीर या औषधाला धरून चालू लागते. मग गोळी चुकली की अंग दुखते, घाम येतो, जुलाब होतात, झोप जाते. यातले कंबरेचे दुखणे कुठले आणि गोळी न मिळाल्याचे कुठले, हे रत्नदीपला वेगळे करता येत नव्हते. मलाही येत नव्हते.

ही गोळी एकदम बंद करायची नसते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी करतात. त्यासाठी मी ठाण्याच्या रुग्णालयात शुक्रवारची वेळ घेतली होती. रत्नदीप यायला तयार होता. त्याने शुक्रवारची रजाही टाकली होती.

रविवारी सकाळी मी दळण आणायला गेले होते. मागे जे बोलणे झाले ते वहिनींनी सांगितले, तसे सांगते. आई बुद्धविहारातून वंदना करून आली. तेथे कोणीतरी तिला विचारले होते की तुमचा रतन हल्ली बसल्या जागी डुलत का असतो. ती घरी येऊन म्हणाली, “पंचशील तोंडपाठ आहे तुला. आणि पाचवं, नशा न करण्याचं शील खिशात घालून फिरतोस.”

रत्नदीप म्हणाला, “आई, औषध आहे ते. दारू आहे का?”

“औषधानं माणूस बरा होतो. तू कधी होणार?”

वहिनी म्हणाल्या, “आई, शुक्रवारपर्यंत राहू दे. अमृतानं सांगितलंय.” आई म्हणाली, शुक्रवारपर्यंत विष घरात ठेवायला ती अजून म्हातारी झालेली नाही. नंतर क्रमांक ४ प्रमाणे घडले. रत्नदीप ओरडला नाही. तो मोरीच्या कट्ट्यावर थोडा वेळ बसला आणि उठून त्याने चपला घातल्या.

तो मला जिन्यात भेटला. माझ्या हातातला पिठाचा डबा घेऊन त्याने तो वर दारापाशी ठेवला आणि परत खाली आला. मी विचारले, “दादा, कुठे चाललास?” तो म्हणाला, “जरा जाऊन येतो. काही लागलं तर फोन करतो.” मी “बरं” म्हणाले. तोपर्यंत घरात काय झाले ते मला माहीत नव्हते.

माझा नंबर त्याला पाठ नाही. आईचा जुना नंबर पाठ आहे, पण ते कार्ड बंद झाले आहे. तो नंबर पुन्हा मिळतो का, हे विचारायला मी आज सकाळी गेले होते. मिळत नाही.

रिक्षा स्टँडवरील एका चालकाने त्याला शहाड स्टेशनला सोडल्याचे सांगितले. पुढे तो कोणत्या दिशेला गेला, हे माहीत नाही. नातेवाइकांकडे, कामावर, तसेच कल्याण व डोंबिवलीतील पालिकेच्या रुग्णालयांत मी चौकशी केली आहे. अंगात निळा चौकड्यांचा शर्ट व राखाडी पँट. कंबरेवर ऑपरेशनची उभी खूण आहे. चालताना डावा हात कंबरेवर ठेवतो.

हवालदार शिवराम भोईर यांनी माझे म्हणणे टाइप करताना प्रथम ‘नशेच्या गोळ्यांचे व्यसन असल्याने रागाच्या भरात घर सोडून गेला’ असे घेतले होते. मी ते वाक्य बदलण्याची विनंती केली. ते म्हणाले, “ताई, साध्या मराठीत लिहितोय. असे लोक चार दिवसांनी येतात घरी. जेवायला.”

मी विचारले, “जे येत नाहीत त्यांचं काय लिहिता?”

“ठाण्याला वेळ कुठल्या विभागाची घेतलीय तुम्ही?”

“व्यसनमुक्ती.”

“मग? तुम्हीच सांगताय की.”

मी सांगितले की विभागाची पाटी मी लावलेली नाही. व्यसनी लिहिलेत तर त्याला गुत्त्यावर शोधाल, रुग्ण लिहिलेत तर दवाखान्यात. ही गोळी अचानक बंद झाल्यावर झटके येऊ शकतात. बाहेरून कोणी जास्त दिली आणि घेतली, तरी येऊ शकतात. तो कोठे थरथरत किंवा घामाने भिजून बसलेला दिसला, तर प्यायलेला समजून त्याला उठवून लावू नये, दवाखान्यात न्यावे. हे वाक्य सर्व ठाण्यांना व रेल्वे पोलिसांना जाणाऱ्या संदेशात यावे.

त्यावर हवालदार साहेबांनी आधीचे वाक्य खोडून ‘डॉक्टरने दिलेल्या औषधाची सवय लागलेला रुग्ण’ असे घेतले. ‘लागलेला’ हा शब्द मी राहू दिला.

माझी आई बाहेर बाकावर बसली आहे. गोळ्या तिने टाकल्या, ही घटना म्हणून लिहावी, कारण म्हणून लिहू नये. तिचा वेगळा जबाब घेणे आवश्यक असल्यास घ्यावा, परंतु गोळ्या कोणी टाकल्या हे तिला पुन्हा विचारू नये. ते मी सांगितले आहे. एकदम बंद केल्याने काय होते, हे मी तिला अजून सांगितलेले नाही.

शहाड स्टेशनवरील रविवार सकाळचे कॅमेऱ्याचे चित्रण पाहावे व ठाणे शहरापर्यंतच्या सरकारी रुग्णालयांत नाव न लागलेले रुग्ण तपासावेत, अशी माझी मागणी आहे. राकेश यांनी रविवारी सकाळी दुकान बंद होते असे सांगितले, तेही दुकानाजवळील कॅमेऱ्यावरून पाहावे.

टाइप झालेला हा जबाब मी स्वतः वाचला. एका ठिकाणी खाडाखोड आहे, तेथे माझी सही आहे. बाकी मजकूर मी बोलले तसाच उतरला आहे. खाली सही करण्यापूर्वी एवढे वाढवून घ्यावे: रत्नदीप मिळो वा न मिळो, शोधात काय झाले ते गुरुवार दि. १६ जानेवारी रोजी संध्याकाळपर्यंत मला कळवावे. शुक्रवारची वेळ मी रद्द केलेली नाही.