कॅनडाच्या बैलाला आवतन

पोळ्याच्या आदल्या दिवशी कुरिअरच्या रांगेत अरुंधतीबाईंच्या पुढे एक म्हातारे जोडपे होते. काउंटरवरच्या उघड्या खोक्यात, तान्ह्या पोळ्याला पोरे घरोघरी ओढत नेतात तसा चाकांचा लाकडी बैल उभा होता.

"मनकर्णा, चाल वं. मागं लोकं थांबून राहिले."

"थांबतीन. कॅनडाले कधी पोचन हा?"

"एकवीस दिवस लागते म्हणे."

"म्हंजे नातवाचा तान्हा पोळा हुकला."

"तिकडं ऑक्टोबरात पोरं घरोघरी जाऊन चॉकलेट मागते. आपला लेक रोहितच सांगे."

"बैल घेऊन?"

"भूत बनून."

"मंग भुतानं बैल न्यावा. घरोघरीच जाणं हाय ना?"

"अवं, आता काय करून राहिली?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला जेवणाचे आमंत्रण देतात, तशा मनकर्णाबाई बैलाच्या कानाशी वाकल्या. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"उद्या कसा येईन? रोहित तर यंदाबी जमत नाही म्हणला."

"मी बैलाले आवतन देऊन राहिली जी. रोहितचं नाव कोनं घेतलं?"

काउंटरवरच्या माणसाने खोके बंद करायला चिकटपट्टी उचलली.

"थांबा," अरुंधतीबाई मागून म्हणाल्या. "आमंत्रण तीनदा द्यायचे असते. बाईंचे अजून दोनदा व्हायचे आहे."