न मारलेला शिक्का

मंडळी, टाळ जरा थांबवा! एक सांगा — पाप करायला हात उचलावाच लागतो का? हो म्हणता? बघू!

एका तालुक्याचं कोर्ट. तिथं नकला देणारे कारकून होते त्र्यंबकराव शेवाळे. हुकूम देतात जज्जसाहेब. पण त्याची नक्कल मिळते कारकुनाच्या खिडकीतून! आणि तिच्यावर कोर्टाचा गोल शिक्का नसेल, तर बाहेर तिला कोण विचारतो? देव गाभाऱ्यात, पण किल्ली पुजाऱ्याच्या कमरेला! हसताय काय?

त्या दिवशी खिडकीशी आली हौसाबाई घोलप. धापा टाकत!

"दादा, दारात मशीन येऊन उभं राहिलंय वो! सायबांनी आत्ताच सांगितलंय, घर पाडायचं न्हाई. तेवढा कागद द्या!"

त्र्यंबकरावांनी मान वर केली — आणि ओळखलं! हिच्याच साक्षीनं त्यांचा धाकटा भाऊ तुरुंगात गेला होता. साक्ष खरी होती हो! पण आपल्या माणसाविरुद्धचं खरं कुणाला गोड लागलंय?

नक्कल तयार केली. सही केली. शिक्का हातात घेतला... आणि तसाच शाईच्या डबीवर ठेवून दिला!

"घ्या."

बाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद कपाळाला लावला. "तुमची लेकरं सुखात ऱ्हाऊ देत, दादा!" आणि पळत सुटली.

कुणी पाहिलं? कुणी नाही! विचारलंच कुणी, तर म्हणायचं — गडबडीत राहिला.

मधली सुट्टी झाली. त्र्यंबकरावांनी डबा उघडला, घास घेतला — गिळवेना! शिव्या पचतात मंडळी, न कमावलेला आशीर्वाद पचत नाही. शिक्का घेऊन जावं? तो कोर्टाबाहेर न्यायची बंदी! दुसरी नक्कल करत बसावं, तर तोवर घर राहतंय कुठं? मग स्वतःच सायकलवर टांग मारली.

तिकडे हौसाबाईच्या दारात, घर पाडायला आलेला अधिकारी कागद उलटसुलट करतोय. "शिक्का कुठाय? असले कागद कुणीही आणील. चालव रे!"

मशीन घरघरलं. ओसरीचा खांब — कडाड्! हौसाबाई उंबऱ्यात आडवी पडली. "आधी माझ्या अंगावरनं न्या!"

"थांबा!" सायकल टाकून त्र्यंबकराव मशीनपुढं उभे! "हुकूम खरा आहे. शिक्का मी मारला नाही!"

"विसरलात होय?" अधिकाऱ्यानं सुटायची वाटही करून दिली बघा! नुसतं 'हो' म्हणायचं!

"नाही," त्र्यंबकराव म्हणाले. "मुद्दाम."

मशीन बंद झालं. घर वाचलं. त्र्यंबकरावांची चौकशी लागली, नोकरीवर गदा आली. आणि तिथं साक्षीला कोण? हौसाबाईच! म्हणाली, "ह्यांच्यापायी माझा खांब पडला, आन् ह्यांच्यामुळंच घर ऱ्हायलं. दोन्ही खरं हाय."

आता तुम्ही! म्हणाल, बुवा, आमच्या हातात कुठला शिक्का? रुसलेला भाऊ तुमच्या एका 'ये'साठी दाराबाहेर थांबलाय. शेजारीण खरी आहे, हे चारचौघांत तुम्ही बोलायचं राहिलंय. शब्द तयार आहे — आणि डबीवर ठेवलाय!

ज्याचा असा एकही शिक्का राहिला नसेल, त्यानं टाळी वाजवावी.

...का हो? एकही टाळी नाही?

बरं. मग आज नाव खाली मान घालूनच घेऊ या. म्हणा — हरी, हरी...