कलेजी न खाणाऱ्या विभावरीबाई

आदरणीय अध्यक्ष श्री. हरिहर देवधर, व्यासपीठावरचे डॉक्टर निनादसाहेब, मराठी मंडळाच्या सचिव मृण्मयीताई, आजच्या सत्कारमूर्ती विभावरीबाई लिमये, आणि बोगादीपासून इथे जयलक्ष्मीपुरमला जेवणाच्या वेळेवर नेमके पोचलेले सर्व बंधुभगिनी, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मी मानाजीराव. नजरबादला माझं मटणाचं दुकान आहे. माझी मराठी म्हैसूरची. मध्येच कन्नड शिरलं तर सांभाळून घ्या.

बाई आपल्या धर्मादाय दवाखान्यात तेवीस वर्षं आहारतज्ज्ञ होत्या. परवा निवृत्त झाल्या, आणि आता बहिणीकडे नाशिकला निघाल्या. त्यांच्या निरोपाला मटणवाल्याचं काय काम, असं काहींना वाटत असेल. नोडी, म्हणजे बघा, बाईंनी जन्मात अंडंसुद्धा फोडलेलं नाही. तरी माझ्या दुकानातली कलेजी सगळ्यात जास्त कुणी खपवली असेल, तर ती यांनीच.

अकरा वर्षांपूर्वीचा एक सोमवार. गिऱ्हाईक नव्हतं. पदर नाकाला लावून एक बाई पायरीवर उभ्या राहिल्या आणि विचारलं, "तुमच्याकडे यकृत मिळतं का?"

मी म्हटलं, "नाही बाई, तो प्राणी आमच्याकडे येत नाही."

त्या हसल्या, आणि हसताना पदर खाली आला. म्हणाल्या, "मग लोक त्याला काय म्हणतात तेवढं सांगा. मी दवाखान्यात यकृत म्हणते, बायका मान डोलावतात आणि घरी जाऊन बीट खातात."

त्या दिवशी बाई माझ्याकडे शिकल्या. कलेजी, गुर्दे, भेजा, वजडी. काय कसं धुवायचं, किती शिजवायचं, सगळं वहीत उतरवून नेलं. पुढच्या सोमवारी एक तक्ता घेऊन आल्या, मराठीत आणि कन्नडमध्ये, आणि माझ्या भिंतीवर लावला. कलेजीतलं लोह अंगाला चटकन लागतं. बी-बारा, फोलेट, अ जीवनसत्त्व भरपूर. रक्त कमी असेल त्यानं आठवड्यातून एकदा, मूठभर, पूर्ण शिजवून खावी. बी-बारा कमी पडलं तर हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो.

मी खूश. इतकी चांगली जाहिरात मला कोण करून देणार? मग खालच्या ओळी वाचल्या. गरोदर बायकांनी कलेजी टाळावी, अ जीवनसत्त्व जास्त होतं. युरिक अॅसिडवाल्यांनी या सगळ्यापासूनच लांब राहावं. भेजा क्वचित.

मी म्हटलं, "बाई, दुकानात 'खाऊ नका' अशी पाटी कोण लावतं?"

म्हणाल्या, "अर्धंच खरं सांगितलं, तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही."

त्या पाटीचा पहिला बळी कोण? मीच. माझ्या पायाचा अंगठा तेव्हा सुजायचा. बाईंनी मला लंगडताना पाहिलं, रक्त तपासायला लावलं, आणि माझे गुर्दे बंद. म्हणजे ताटातले. आमच्या गोदानं, माझ्या मंडळींनी, त्यांचा हुकूम इतक्या आनंदानं अमलात आणला, की लग्नाची चाळीस वर्षं ती याच संधीची वाट पाहत होती असं मला वाटलं.

असे बरेच सोमवार गेले. चार वर्षांपूर्वी एकदा बाई बोलून पायरी उतरल्या आणि चालू लागल्या. एक चप्पल पायरीवरच राहिली. एप्रिलचं ऊन, तापलेला डांबरी रस्ता. एक पाय अनवाणी, आणि बाई दहा पावलं गेल्या तरी त्यांना पत्ता नाही.

मी मागून हाक मारली, "बाई, चप्पल."

त्यांनी खाली पाहिलं. चेहरा उतरला. परत येऊन बाकावर बसल्या. मी विचारलं, "केव्हापासून?"

"वर्ष झालं असेल. मुंग्या येतात. वयानं होतं."

मी भिंतीकडे बोट दाखवलं. "तुम्हीच लिहिलंय. वाचून दाखवू?"

त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "लोकांना सांगता सांगता मी स्वतःला विचारायचंच विसरले हो."

दुसऱ्या दिवशी गोदा त्यांना हाताला धरून निनादसाहेबांकडे घेऊन गेली. बी-बारा जवळजवळ संपलेलं. आणखी उशीर झाला असता तर नसा सुधारल्या नसत्या, असं साहेब म्हणाले. इंजेक्शनं सुरू झाली.

पण मला चैन कुठलं? मी गोदाला कोवळी कलेजी करायला सांगितली, नव्या भांड्यात, कमी तिखट. डबा घेऊन आम्ही बाईंच्या घरी. त्यांनी डबा दोन्ही हातांत घेतला, पण उघडला नाही. म्हणाल्या, "मानाजीराव, यात काय काय आहे ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. पण मला ते जमायचं नाही. माझं इंजेक्शनवर भागेल."

खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. घरी येताना गोदा म्हणाली, "आजवर आपल्या डब्याला लोकांनी नाक मुरडून नको म्हटलं. या बाई मान देऊन नको म्हणाल्या." तेव्हा कुठे तो मान माझ्या लक्षात आला. आठ महिन्यांनी बाईंच्या पायाला पुन्हा जमीन लागली. आणि त्या डब्यातली कलेजी? ती रक्त कमी असलेल्या आमच्या सूनबाईनं खाल्ली. मला नाही मिळाली.

एक सांगून खाली बसतो. आमचं घराणं म्हैसूरला येऊन शंभर वर्षं झाली. मंडळाची वर्गणी माझ्या वडिलांपासून आहे. पण या व्यासपीठावर आमच्या घरातलं माणूस आज पहिल्यांदा चढतंय. मी कुणाला दोष देत नाही. कुणी बोलावलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मृण्मयीताईंनी मला काल फोनवर सांगितलं, की भाषणाला कोणाला बोलवायचं असं विचारल्यावर बाईंनी एकच नाव दिलं. "मानाजीराव बोलणार नसतील, तर माझा नारळ घरी पाठवून द्या," म्हणाल्या.

बाई, माझी आई आज असती तर पहिल्या रांगेत बसली असती.

मंडळानं मला इथे उभं केलं, तुम्ही भुकेल्या पोटी ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. या जिभेला भाषणाची सवय नाही. काही वावगं बोललो असेन तर ते माझं समजा आणि पोटात घाला. आणि नाशिककरांनो, तुम्ही इथे नाही, तरी सांगतो: आमच्या बाई येताहेत. मटणाच्या दुकानात आल्या, तर त्यांना बसायला बाक द्या.