दुकानात माणसं किती

—घ्या ना वही, बघा, पण आधी माफी मागतो, मॅडम. शुद्धलेखनाला हसू नका. सातवीत शाळा सोडली मी. मापं लिहिता येतात, बाकी सगळा आनंदच, शब्दही साधेच. पण तुम्ही सांगितलंत तसं तासातासाला लिहिलंय — खिडकी उघडी की बंद, इस्त्री चालू की बंद, दुकानात माणसं किती. कुठे? चार वाजता? हो, एकच. मीच. शिंपी एक, मशीन एक.

तुम्ही इथे ठेवलेलं ते हवेचं यंत्र दोन म्हणतंय? त्याला काय माणसं मोजता येतात? — श्वासावरून? अरे देवा! मला वाटलं कापडाची धूळबिळ मोजतंय. म्हणजे वर आभाळात साठला की पृथ्वी तापते म्हणालात तो वायू, तोच इथे कोंडला की माझं डोकं जड होतं — आणि सोडतो कोण? आपणच, नाकातून! कमाल आहे. मग... मी ना, जोरजोरात श्वास घेतो. चार ते पाच. रोज. तब्येतीसाठी. — हसताय काय?

आणि हा आलेख तुम्ही गल्लीच्या बैठकीत दाखवणार? दुकानाच्या नावासकट? नको हो, मॅडम, तिथे आई असेल, सगळी गल्ली असेल, बाबांची अब्रू जाईल — हां, निघालंच तोंडातून. बाबा येतात. माझे वडील. सहा महिन्यांपूर्वी गिऱ्हाइकासमोर मी बोलून गेलो, बाबा, तुमचा हात थरथरतो, कात्री द्या इकडे. खरं होतं. पण खरं म्हणून बोलायचं असतं का? नसतं. त्यांनी कात्री ठेवली, टेप ठेवली आणि भर गल्लीत ओरडून सांगितलं, या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही! आणि नाहीच चढत. मागच्या दाराने येतात. तिथे पायरीच नाही.

आले की आधी खिडकी लावतात, कोणी बघायला नको. मग शर्टाची काजं करत बसतात. एक शब्द बोलत नाहीत — मी तरी कुठे बोलतो? काजं जरा वाकडी येतात. मी उसवत नाही, गिऱ्हाइकाची बोलणी खातो. तासभर दोघं नुसता श्वास घेतो, बस्स, तेवढंच, आणि नेमकं तेच तुमच्या यंत्राने पकडलं!

त्यात काल तुम्ही म्हणालात, चारच्या सुमाराला हवा फार वाईट, खिडकी उघडी ठेवा. बाबांना खोकला आहे, मॅडम. उघडली तर येणार नाहीत, लावली तर खोकणार. करू काय? आज सकाळी दुकान उघडल्या उघडल्या खिडकीची झडपंच काढली, आता लावतील काय? आणि हा पडदा शिवला. बघा, विरळ आहे. वारा येतो, बाहेरून दिसत मात्र नाही. वरच्या पट्टीला दोरी ओवायला सहा काजं हवीत, ती ठेवलीत तशीच. सध्या टाचण्यांवर लटकलाय. काजं बाबांचं काम आहे ना.

किती वाजले? चारला पाच कमी? उठा, उठा, मॅडम — तिकडून नको, पुढून जा! यंत्र असू दे. दुकानाचं नाव खोडा फक्त, वहीत मी खरं लिहितो — चार वाजता, खिडकी उघडी, माणसं दो— श्श.